वाढप्याचा घोट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मार्थेला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा नाही. तिच्यापासून मी आयुष्यात दुसरं काही लपवलं असेल, तर फार तर बाजारात खाल्लेली भजी. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगायला बसलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते — खूपदा बसून पाहिलंय.

मी धुळ्याचा शिंपी. जातीनं नव्हे, कामानं. मिशनच्या शाळेत शिवण शिकलो आणि बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसलो. सदरे, चड्ड्या, लग्नाच्या हंगामात कोट. आणि त्याशिवाय मी आमच्या ख्रिस्ती मंडळीचा डीकन होतो. गिऱ्हाइकं विचारायची, हे डीकन म्हणजे काय? सोनगीरचे एक शेतकरी नाना दर दिवाळीला बंड्या शिवायला यायचे. त्यांनी स्वतःच उत्तर शोधून काढलं होतं, "म्हणजे तुमना देऊळना गुरवच म्हन की." मी म्हणायचो, तसंच काहीतरी. सतरंज्या अंथरायच्या, घंटा वाजवायची, बायकांनी रोजच्या दळणातून मूठमूठ काढून आणलेलं धान्य विधवांच्या घरी पोचवायचं, आजाऱ्याला बघून यायचं. गुरवाचंच काम. पण मला त्याचा मनातून फार तोरा होता, हे नानांना कसं सांगणार?

त्याला कारण होतं. स्वातंत्र्यानंतर गोरे साहेब मायदेशी परतले, आणि आमच्या मंडळीनं पहिल्यांदाच आपली माणसं आपण निवडली. तोवर सगळं साहेब ठरवायचे. मला निवडलं तेव्हा मी तिशीच्या आत होतो. आमचे पाळकसाहेब सायकलवरून गावोगावच्या मंडळ्या सांभाळायचे. हाडकुळे, आवाज मात्र खणखणीत. माझ्या डोक्यावर हात ठेवण्याआधी ते सगळ्यांसमोर म्हणाले, "डीकन म्हणजे वाढपी. पहिल्या मंडळीत वाढताना विधवा राहून जात होत्या, म्हणून हे काम निघालं. वाढप्यानं दुसऱ्याच्या पानाकडे बघायचं, आपल्या नाही. आणि वाढपी शेवटी जेवतो. शेवटी जेवायची तयारी नसेल तर आत्ताच सांगा."

मी काही सांगितलं नाही. खाली मान घालून उभा राहिलो. शोभून दिसत असणार.

आता एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असायचं, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस. शनिवारी मार्था मनुका भिजत घालायची, रविवारी पहाटे कुस्करून माझ्याकडच्या मलमलीतून गाळायची. तो रस एकाच पेल्यात ओतायचा. जर्मन सिल्व्हरचा पेला, साहेबांच्या वेळचा. तो हातोहात फिरायचा, एकाच काठाला सगळ्यांचे ओठ. शेवटी माझ्याकडे यायचा आणि उरलेलं मी संपवायचो. पोरं त्याला 'वाढप्याचा घोट' म्हणायची. उपासना सुटली की त्याच पेल्यात थोडा रस आणि भाकरीचा तुकडा घेऊन, वर फडकं झाकून, जे घरी पडून असतील त्यांच्याकडे मी जायचो. तिथंही आजाऱ्यानं आधी घ्यायचं आणि मी त्याच्यामागून. कारण पाळकसाहेब म्हणायचे, एकट्यानं खाल्लं तर ती पंगत कसली? सोबत प्यायला कुणीतरी पाहिजेच.

तर आता हन्नाअक्का.

तिच्याविषयी लिहायला लागलो की मला हसू येतं, अजून येतं. ठेंगणी, काळीसावळी, तोंडाची भलती खट. जिनिंगमध्ये कापूस निवडायची. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. माझ्या प्रार्थनेवर तिचं बारीक लक्ष असायचं. मी घाईत उरकली की बाहेर पडताना म्हणायची, "प्रार्थना आखूड व्हयनी आज. कापड चोरी लिधं का, भाऊ?" आणि लांबली की म्हणायची, "आज ते ढगळी शिवी टाकी तुनी." मंडळीत तिला घाबरत नाही असा माणूस नव्हता, आणि अडल्यानडल्याला तिच्याकडे धावत गेला नाही असाही नव्हता. माझ्या धाकट्याच्या वेळी मार्थेचं बाळंतपण तिनंच केलं.

ती सोनगीरकडच्या एका खेड्यातली. लहानपणी विहिरीवर तिला चढता यायचं नाही. कुणीतरी वरून ओतायचं, हिनं ओंजळ धरायची. पुढं एक बायबलबाई, गावोगाव बायबल वाचून दाखवणारी, त्या खेड्यात आली. उन्हातून आली होती, तहानलेली. हिच्या दारात बसली आणि हिच्याच लोट्यातून पाणी प्याली. अक्कानं हे मला किती वेळा सांगितलं असेल — "तोंड लाईसन पिनी भाऊ, पुसं बी नही. शास्त्रमधलं माले काय समजस नही. पन ती तोंड लाईसन पिनी." तेवढ्यावर ती ख्रिस्ती झाली. लोक मोठमोठी कारणं सांगतात, हिचं एवढंच.

तिला खोकला लागला. आधी आम्ही म्हणायचो, जिनिंगचा कापूस छातीत जातो, होणारच. मग पदरावर लाल दिसलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी क्षय सांगितला. इंजेक्शनं निघाली आहेत असं ऐकलं होतं, पण ती आमच्यासारख्यांपर्यंत यायची होती. तिचं काम सुटलं. सोनगीरच्या रस्त्याला, जिनिंगच्या मागं तिची पत्र्याची खोली होती, तिथं ती बाजेवर पडली. लोक धान्य पाठवायचे. स्वतः मात्र उंबऱ्याच्या आत येत नव्हते.

तिनंच निरोप धाडला, की प्रभुभोजन माले धाडा, पण "मनी वाटी न्यारी ठेवा. भाऊना घरमा लेकरे शेतस."

किती साधी गोष्ट होती! वेगळी वाटी ठेवली असती, कुणाचं काही बिघडलं नसतं. मंडळीच्या बैठकीत सगळ्यांचं तेच मत पडलं. आणि मी उठलो. डीकन ना मी! म्हणालो, "वेगळी वाटी? ज्यांच्यासाठी लोकांनी जन्मभर वेगळी कपबशी ठेवली, ती माणसं आपण. आता आपणच आपल्या म्हातारीला वेगळी वाटी लावायची? मंडळीत एकच पेला. अक्का पितील आणि त्यांच्यामागून मी पिईन." मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. पाळकसाहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. आणि मला — लाज वाटते सांगायला — बोलताना माझाच आवाज आवडत होता.

त्याच संध्याकाळी मी अक्काकडे गेलो आणि तिला हे सांगितलं. वाटलं, काहीतरी टोमणा मारेल. तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "खरं सांगस का, भाऊ?"

"खरं, अक्का."

"मना मांगेतून पिशी?"

"पिईन."

ती भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. हे तेव्हा ध्यानात घेतलं असतं तर? तिला वाटी वेगळी चालत होती. तिनं मन घट्ट केलं होतं. ती आस तिच्या मनात पुन्हा लावली ती मी.

पहिला रविवार आला. मी पेला घेऊन गेलो, प्रार्थना केली, भाकरी मोडली. अक्का उठून बसली, दोन्ही हातांनी पेला धरून प्याली, आणि खोकल्याची उबळ आली. पेल्याच्या काठावर ओल राहिली. तिनं तो माझ्या हाती दिला आणि बघत राहिली. कशी, ते कसं सांगू? लेकरू आपण केलेला लाडू दुसऱ्याला देऊन बघत राहतं, तशी.

मी पेला ओठाला लावला. ओठ घट्ट मिटलेले. मान वर केली, गळ्याची घाटी हलवली. मग "विसळून आणतो" म्हणत बाहेर आलो आणि दाराशेजारी, भिंतीच्या कडेला एरंडाचं झाड होतं, त्याच्या बुडाशी सगळं ओतून दिलं.

हेच ते. हेच मी कुणाला सांगितलं नाही. पण इतकंच असतं तर कदाचित सांगून टाकलं असतं.

मी भ्यालो होतो. घरात लहान लेकरं होती, हे मी आता लिहिणार होतो, पण ती सबब झाली. लेकरं बैठकीत बोलतानाही होतीच. आणि अक्कानं तर आपण होऊन त्यांचं नाव काढलं होतं.

दर महिन्याला तसंच. ओठ मिटलेले, मान वर, एरंडाचं बूड. हात सरावला. टीप घालताना सरावतो तसाच.

आणि मंडळीत काय झालं असेल? लोक मला सलाम करताना आता जरा जास्त वाकायला लागले. पाळकसाहेबांनी चाळीसगावच्या मंडळीत माझं नाव न घेता ही गोष्ट सांगितली, असं कानावर आलं. बायका म्हणायला लागल्या, डीकनभाऊ तोंडाला तोंड लावून पितात, आणि आपण उंबऱ्यावरून परततो? त्या आत जायला लागल्या. कुणी तिचे केस विंचरायचं, कुणी बाजेवर बसून गप्पा मारायचं. खोलीत पुन्हा माणसं आली, अक्काची जीभ पुन्हा चालू झाली. माझ्या लबाडीतून हे एवढं चांगलं निघालं — याचं मी काय करू? मला तर ते आजही आपलं म्हणता येत नाही आणि टाकताही येत नाही.

त्या बायकांत मार्था होती. एकदा मी तिच्याबरोबर गेलो होतो. उन्हाळा होता. मार्थेनं खोली झाडली, घाम पुसला, आणि अक्काच्या उशाचा लोटा उचलून तोंडाला लावला. घटाघटा प्याली. मी समोर उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर तिचा हात थांबला असता. पण काय बोलणार होतो? तिनं विचारलं असतं, तुम्ही पिता आणि मी का नको? मी बघत राहिलो. आपल्या बायकोला त्या लोट्यातून पिताना मी बघत राहिलो, आपलं नाव राखण्यासाठी.

मार्थेला काही झालं नाही. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. तिला काही झालं असतं तरी मी तेवढाच गप्प उभा राहिलेला माणूस असतो.

बाहेर पडताना तिनं दाराशी हळद टाकलेली दाखवली. म्हणाली, "अक्कांच्या दारात मुंग्या फार लागतात हो. घरात गोडाचा कण नाही, कशाला येतात कोण जाणे." मी म्हणालो, "कोण जाणे."

अक्काची बाज दारालगत होती. दिवसभर पडून ती काय बघत असेल, हे माझ्या कधी मनात आलं नाही. मी शिंपी, मला वरचं कापड दिसतं.

थंडीचे दिवस असतील. मी पेला घेऊन आत गेलो, तर ती कुशीवर वळून उंबऱ्याकडे बघत होती. म्हणाली, "देख भाऊ." मुंग्यांची एक रांग एरंडाकडून भिंतीच्या कडेनं चालली होती. "आठे साखरना दाना नही. तरी बी पह्यला रविवार ऊना का त्यासनी पंगत बसस."

ती माझ्याकडे बघायला लागली, आणि मला कळलं की हिला कळलंय. आज नाही, बऱ्याच दिवसांपासून. माझे कान तापले. वाटलं, आता ही मला फाडून खाईल. तिला तो अधिकार होता आणि जीभही होती. ती म्हणाली, "खाऊ दे. मुंग्या बी प्रभुन्याच शेतस."

मी फडकं काढलं. तिनं पेला घेतला नाही. तळहातानं हळूच माझ्याकडे सारला. "आज तू पह्यले पे, भाऊ. मी मांगेतून पिसू."

आणि मी पहिला प्यालो. खरोखर, घोट घेऊन. स्वच्छ पेल्यातून. मग ती प्याली. तिनं एवढी मोठी गोष्ट सोडून दिली, आणि ती कशी सोडली — जणू आपल्यालाच तसं हवं होतं. मी "अक्का, चुकलो" म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं, अक्का."

पुढं तसंच चालू राहिलं. मी आधी, ती मागून. एकदा पाळकसाहेब सोबत आले. त्यांनी हा उलटा क्रम बघितला आणि भुवया उंचावल्या. मी घामाघूम झालो. अक्का म्हणाली, "माले तळनं गोड लागस, साहेब. मनुका तळे बसस ना." पाळकसाहेब मोठ्यानं हसले. मीही हसलो.

मग ती फार खालावली. शेवटच्या पहिल्या रविवारी — तो शेवटचा, हे दोघांनाही कळत होतं — मी गेलो तेव्हा तिला उठता येत नव्हतं. मी आधी प्यालो. मग तिच्या मानेखाली हात घालून पेला लावला. तिनं ओठ ओले केले, एवढंच. गिळता येईना. तिनं मान मागं टाकली आणि डोळे मिटले. पेल्यात घोटभर राहिलं.

बघा, खोलीत कुणी नव्हतं. अक्काचे डोळे मिटलेले. नाव व्हायचं नव्हतं, जायचं नव्हतं. फक्त तो घोट होता, तिचे ओठ लागलेला, आणि उरलेलं वाढप्यानं संपवायचं ही रीत. मी कितीतरी वेळ पेला हातात धरून बसलो. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मला ती फार आवडायची हो — आईच्या जागी होती. हे खोटं नाही. हे खरं असून मी उठलो, दाराबाहेर आलो आणि ते एरंडाच्या बुडाशी ओतलं.

मी परत उंबऱ्यावर आलो. डोळे न उघडता तिनं विचारलं, "ऱ्हायनं व्हतं ते पिधं का, भाऊ?"

मी म्हणालो, "हो, अक्का."

"बरं व्हयनं," ती म्हणाली.

तिनं विश्वास ठेवला, की मला आणखी एकदा सोडवलं? मला माहीत नाही. तिच्या तोंडावर नुसता निवांतपणा होता. त्याच आठवड्यात ती गेली.

पेटीला खांदा देणाऱ्यांत मी होतो. मार्था लेकराला कडेवर घेऊन मोठ्यानं रडत होती. माती टाकण्याआधी पाळकसाहेब बोलले. अक्काच्या जिभेचे किस्से त्यांनी सांगितले, लोक रडता रडता हसले. मग त्यांनी सोनगीरच्या रस्त्यालगतच्या त्या पत्र्याच्या खोलीचं नाव काढलं. म्हणाले, "जिथं जायला आपण भीत होतो, त्या खोलीत एक खरा डीकन होता. दुसऱ्याला आधी पाजून आपण शेवटी पिणारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला. पुढं त्यांनी मला मंडळीचा वडील केलं, म्हणजे डीकनाच्या वरचं पद. मग कधीतरी देवळात लहान लहान काचेचे पेले आले, ज्याचा त्याला. ते विसळून पुसून मांडायचं काम मी बरीच वर्षं केलं.

पण पाळकसाहेब बोलत होते तेव्हा मी त्या पेटीकडे बघत होतो. ते म्हणाले त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. त्या खोलीत एक डीकन होता. तिनं मला आधी पाजलं आणि आपण शेवटी प्याली.

मी तिच्यामागून प्यालो नाही. एकदाही नाही.